उभ्या गाडीची थरथर

गाडी शिकवण्याच्या धंद्यात मास्तरांना बावीस वर्षं झाली होती. गाडी एकच, पांढरी, टपावर लाल पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक नि क्लच. मास्तरांचा आवाज भरडा आणि जीभ तिखट. लोक म्हणायचे, मास्तर बोलतात फटकळ, पण शिकवतात पक्कं. हे इतक्यांदा कानावर पडलं होतं की फटकळपणा हा शिकवण्याचाच भाग आहे असं मास्तरांना वाटू लागलं होतं.

त्या वर्षी सकाळच्या शिकवणीत तिघं होती. औषधांच्या दुकानात काम करणारी एक मुलगी, एक निवृत्त पोस्टमन, आणि टेलरबाई. टेलरबाई पन्नाशी ओलांडलेल्या. घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीनं टाकून त्या कपडे शिवायच्या. त्यांच्या यजमानांची नजर वर्षभरात इतकी उतरली होती की डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची बंदी केली होती. घरची गाडी अंगणात कापडाखाली झाकून उभी होती. आणि टेलरबाईंची थोरली बहीण तासाभराच्या अंतरावर अंथरुणाला खिळलेली. तिच्याकडे जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि परतीची शेवटची बस साडेचारची. म्हणजे बहिणीपाशी बसून होईतो उठायची वेळ. म्हणून बाईंनी गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं.

मास्तरांचा एक नियम होता. पहिले पंधरा दिवस रेसला पाय लावायचा नाही. क्लच अलगद, केसभर, सोडत जायचा, गाडी आपोआप सरकते. पाय क्लचवर बसला की जन्मभराचं काम झालं. मुलीला स्कूटरची सवय, ती नजर चुकवून थोडी रेस द्यायचीच. पोस्टमननी तरुणपणी टपालाची गाडी चालवलेली, ते आपल्याच पद्धतीने चालवायचे. नियम अक्षरशः पाळायच्या त्या एकट्या टेलरबाई. आणि गाडी बंद पडायची ती नेमकी त्यांच्याच हातात. चौकात बंद, वळणावर बंद, चढावर तर हमखास बंद. मागून हॉर्न, बाजूने मास्तर.

एकदा चौकात थांबलेलं असताना बाई म्हणाल्या, "मास्तर, ही उभी असली की सारखी थरथरते. मध्येच एक ठोका चुकतो. माझ्या मशीनची बॉबिन नीट बसली नाही की अस्संच होतं."

मास्तरांनी ऐकून घेतलं असतं तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. ते म्हणाले, "बाई, नाचता येईना अंगण वाकडं. मशीनचं पायडल दणादण हाणायची सवय आहे तुम्हाला, म्हणून होतंय हे. गाडी म्हणजे ब्लाउजची शिलाई नव्हे."

मागे बसलेली मुलगी तोंडावर हात धरून हसली. पोस्टमनही हसले. मास्तरांना चेव आला. त्यांनी बाईंना बाजूला बसवलं, स्वतः चाकाशी बसले आणि गाडी चार वेळा उभी करून चार वेळा अलगद काढून दाखवली. "बघा. हीच गाडी, हाच रस्ता," ते म्हणाले. बाईंनी बघितलं. पुन्हा थरथरीचं नाव त्यांनी काढलं नाही.

परीक्षेत व्हायचं तेच झालं. परीक्षक शेजारी, मास्तर मागच्या सीटवर. चढावर गाडी तीनदा बंद पडली आणि परीक्षकांनी कागदावर आडवी रेघ मारली. परत येताना मास्तर नेहमीपेक्षा मऊ आवाजात बोलले, आणि तेच जास्त लागलं असणार. ते म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, पण गाडी सगळ्यांच्याच हाताला बसत नाही. एखादा ड्रायव्हर बघा, उगाच जिवाला घोर कशाला. बाईंनी कागदाची चौपदरी घडी केली, पर्समध्ये ठेवली, "बरं" म्हणाल्या आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत.

मास्तर त्यांना विसरलेही. पाचेक आठवड्यांनी दाराच्या पायरीवरून उतरताना त्यांचा उजवा घोटा मुरगळला. दोन दिवस शिकवणीला सुट्टी दिली. तिसऱ्या दिवशी औषध आणायला पायाला पट्टी बांधून ते स्वतःच गाडी घेऊन निघाले. चौकात दिवा लाल झाला. मास्तरांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि ठणकणारा पाय सगळ्यावरून काढून खाली टेकवला.

गाडी हादरली आणि दोन आचके देऊन बंद पडली.

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले. टपावर ही लाल पाटी, आणि खाली मास्तर चावी फिरवताहेत. शेजारच्या गाडीतला एक जण काच खाली करून म्हणाला की मास्तर, तुम्हीच शिकायला लागलात का. तिसऱ्यांदा गाडी चालू झाली आणि टिकली. ती का टिकली हे मास्तरांच्या लक्षात आलं, कारण घोट्यातून कळ आली. पाय त्यांना न विचारता उचलला गेला होता आणि अंगठा रेसवर अलगद टेकला होता.

रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन त्यांनी करून बघितलं. अंगठा टेकवला की इंजिन शहाण्यासारखं चालायचं. काढला की इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाचशेच्याही खाली घसरायचा आणि सगळी गाडी, आरसा, सीट, खिडकीची काच, हुडहुडी भरल्यासारखी कापायची. मध्येच एक ठोका चुकायचा. टेक, काढ, टेक, काढ, असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. हा अंगठा कधीपासून तिथे जात होता? सहा महिने? वर्ष? गाडीची खोड त्यांच्या पायाला कळली होती, डोक्याला कळली नव्हती. पाय आपला तिला सांभाळून घेत होता.

मग "हीच गाडी, हाच रस्ता" हे आपलेच शब्द त्यांना आठवले. चार वेळा गाडी काढून दाखवली तेव्हाही अंगठा रेसवर असणारच. त्या बाईंना रेसला पाय लावायची बंदी करून आपण स्वतः रेस देत होतो, आणि वर त्यांना हसत होतो. गाडीत एकटे असूनही मास्तरांनी समोरचा आरसा वळवून दुसरीकडे केला.

घरी येऊन त्यांनी मिस्त्रींना फोन लावला. गाडीचं सगळं काम त्यांच्याकडे असायचं, पण ते मुलीकडे गावाला गेले होते, महिन्याने येणार होते. मास्तरांनी लक्षणं सांगितली. मिस्त्री म्हणाले की गाडी मिसिंग करतेय, ठोके चुकवतेय, आणि मी गेल्या वर्षीच बोललो होतो तुम्हाला. फिल्टर बदला, थ्रॉटल साफ करून घ्या, प्लग संपत आलेत. मास्तरांना ते आठवत होतं. आपण दिलेलं उत्तरही आठवत होतं, कारण त्यावर गॅरेजमधले सगळे हसले होते. ते म्हणाले होते, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालता, मिस्त्री?" पुढे वर्षभर बॉनेट उघडलं होतं ते फक्त पाणी घालायला.

मिस्त्री म्हणाले, मोठं काही नाही, घरच्या घरी होईल, लिहून घ्या. मास्तरांच्या बायकोने कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे सगळं ओळीने लिहून घेतलं.

रविवारी सकाळी, इंजिन थंडगार असताना, दोघं गाडीपाशी गेली. बायकोने पान वाचायचं आणि मास्तरांनी करायचं. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. मग फिल्टरच्या डब्याच्या चिमट्या उघडल्या. आतला कागदी फिल्टर पांढरा असतो हे मास्तर शिकवणीत सांगायचे. हा काळाकुट्ट होता, घड्यांत वाळकी पानं आणि एक मेलेली गांधीलमाशी. बायको म्हणाली, "अहो, एवढ्यातून श्वास तरी कसा घेत होती ही?"

पुढे जाड पाइपचा पट्टा सैल करून तो बाजूला केला तर थ्रॉटलचं तोंड दिसलं. हवा आत सोडणारी तिथली गोल झडप काठाकाठाने काजळीने माखली होती. म्हणूनच रेस नसताना इंजिनाला पुरेशी हवा मिळत नव्हती. फडक्यावर क्लीनर फवारून, झडपेवर जोर न करता, ते हळूहळू पुसत राहिले. तीन फडकी काळी झाली. प्लग काढले. चारांतले तीन बरे, चौथ्याचं टोक झिजून पार बोथट झालेलं. चुकणारा ठोका तो हाच. नवे चारही आधी हातानेच फिरवून बसवायचे आणि मग पाना लावायचा, असं पानावर दोनदा अधोरेखित होतं, म्हणून बायकोने ते दोनदा वाचलं. शेवटी करंगळीएवढा एक रबरी पाइप टोकाशी चिरलेला सापडला. तेवढं टोक कापून त्यांनी तो पुन्हा घट्ट बसवला.

बॅटरीची वायर जोडून चावी फिरवली. पहिल्यांदा बराच वेळ नुसती घरघर झाली, मागून थोडा पांढरट धूर आला, मग इंजिन लागलं, जरा वर-खाली झालं आणि आठशेवर येऊन स्थिर झालं. मास्तरांनी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घातली. काटा हलला नाही.

बायकोने बॉनेटवर तळहात ठेवला. म्हणाली, "थांबलं की हो हिचं कापणं." तिला वाटलं नवरा खूश होईल. तो चाकावर हात ठेवून नुसता बसून राहिला तेव्हा तिने विचारलं, आणि मास्तरांनी सगळं सांगितलं. थरथर, बॉबिन, वाकडं अंगण, ब्लाउजची शिलाई, मागच्या दोघांचं हसणं, आणि "सगळ्यांच्याच हाताला बसत नाही" हेसुद्धा. सांगताना ते फडक्याने एकच बोट पुसत होते.

बायको त्यांना बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं असं मास्तरांना वाटलं. ती एवढंच म्हणाली, "मग त्यांना सांगून या."

सांगून येणं इतकं सोपं नव्हतं. दोन दिवस मास्तर त्या गल्लीवरून गेले आणि वळले नाहीत. तिसऱ्या दिवशी वळले, पण रिकाम्या हाताने दारात उभं राहायचा धीर होईना, म्हणून बरोबर एक पँट नेली. टेलरबाई मशीनवर होत्या. "या मास्तर," म्हणाल्या, जणू काही झालंच नव्हतं. मास्तरांनी पँट पुढे केली आणि लांबीला जरा जास्त होतेय असं सांगितलं. पँट मुळीच जास्त होत नव्हती. बाईंनी ती त्यांना पडद्याआड घालून यायला लावली, सरळ उभं केलं, खाली बसून टाचण्या लावल्या. आपण यांना हसलो, आणि या आपल्या पायाशी बसल्यात, हे मास्तरांना सहन होईना. आतल्या दारातून यजमान अंदाजाने बघत होते, कोण आलंय म्हणून. बाईंनी विचारलं, एवढी कमी करू? नक्की? मास्तरांनी मान हलवली. सांगायचं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी पँट मिळाली ती दोन बोटं आखूड, आणि मास्तर मोज्यांचं प्रदर्शन करत हिंडू लागले. बायको म्हणाली, अजून दोनदा गेलात तर चड्डी घालून याल.

शेवटी एका दुपारी ते गेले. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्यांनी आत शिरून दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं की दोष गाडीत होता. वर्षभर होता. मिस्त्रींनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्ही सांगितलंत, तेही ऐकलं नाही. मी स्वतः चालवायचो तेव्हा माझा पाय रेसवर असायचा, मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही नापास झालात ते माझ्या गाडीमुळे.

बाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवून ते थांबवलं.

"मी घरी येऊन रात्र-रात्र क्लच दाबत बसायचे," त्या म्हणाल्या. "त्या स्टुलावर बसून, पायाखाली उशी ठेवून. यांना म्हटलं, माझ्या पायातच काहीतरी खोट आहे."

मास्तरांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते म्हणाले, चुकलं माझं.

"चुकलं ते कळलं," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पण मास्तर, तुम्ही मला बोललात ते चारचौघांत. आणि हे सांगताय ते दार लोटून."

मास्तर निघाले. जाताना त्यांनी दार उघडं ठेवलं, मग ते चुकलंसं वाटून परत लोटलं, मग पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आणि पोस्टमन गाडीत बसले, त्यांच्याबरोबर एक नवा विद्यार्थीही होता. मास्तरांनी गाडी सुरू केली नाही. मागे वळून बसले आणि सुरुवातीपासून सांगितलं. अंगठ्याची गोष्ट सांगताना त्यांचा भरडा आवाज इतका बारीक झाला की पोस्टमननी "काय म्हणालात?" असं विचारलं, आणि तेवढं त्यांना परत मोठ्याने सांगावं लागलं. नव्या विद्यार्थ्याला काय चाललंय ते कळत नव्हतं. कुठल्या भलत्या शिक्षकाकडे आलो, असा भाव त्याच्या तोंडावर स्पष्ट होता. मुलगी खाली बघत होती. मग ती म्हणाली की गाडी कापायची, मलाही कळायचं. तुम्ही त्यांना बोललात म्हणून मी गप्प राहिले. पोस्टमन म्हणाले, हसलो तर मीही होतो. त्या दिवशी कोणाचंच गाडीत लक्ष लागलं नाही.

मुलीने जाता-येता टेलरबाईंना हे सांगितलं असावं. दहा-बारा दिवसांनी बाई स्वतः मास्तरांच्या घरी आल्या. बसल्या नाहीत. उंबऱ्यातच म्हणाल्या, "परत परीक्षा देते. पण तुमच्या गाडीत नाही, माझ्या. ती आठ महिने उभी आहे. तुम्ही केलंत ते काय-काय केलंत, मला दाखवा. हात मी लावणार."

पुढच्या रविवारी मास्तर पान्यांची पिशवी घेऊन त्यांच्या अंगणात गेले. बायकोने लिहिलेलं पान खिशात होतं, ते त्यांनी बाईंना दिलं. बाईंनी ते दोऱ्याच्या रिळाखाली दाबून ठेवलं आणि कामाला लागल्या. बॅटरी उतरली होती, ती आदल्या दिवशी चार्ज करून आणलेली. फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्या नेऊन घर केलं होतं. चिंध्या बाईंच्याच शिवणकामाच्या निघाल्या. यजमान पायरीवर बसून ऐकत होते आणि कोणता पाना वाजतोय ते आवाजावरून सांगत होते. बाईंची बोटं बारीक कामाला सरावलेली. प्लग त्यांनी असा हाताने फिरवत बसवला की आटे एकदाही अडले नाहीत. मास्तरांनी विजेरी धरली. दोनदा त्यांच्या तोंडाशी सूचना आली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती गिळली. तिसऱ्यांदा बाईच म्हणाल्या, बोला की, शिकवायलाच बोलावलंय.

गाडी लागली तेव्हा यजमानांनी कान देऊन ऐकलं आणि म्हणाले की नवी होती तेव्हा अशी बोलायची.

त्यानंतरच्या पाच-सहा शिकवण्या बाईंनी आपल्याच गाडीत घेतल्या. यजमान मागे बसायचे. बाई कामापुरतं बोलायच्या, मास्तरही. पूर्वीसारखं "या मास्तर" होतं, पण त्यात पूर्वीचं काही नव्हतं, आणि ते मागायचा आपल्याला हक्क नाही हे मास्तरांना समजत होतं. एकदा वळणावर गाडी बंद पडली, ती मात्र बाईंच्याच चुकीने. मास्तर इतके गडबडले की चूक कोणाची ते सांगेचनात. "ही माझी," बाईंनीच सांगितलं आणि गाडी पुन्हा चालू केली.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक तेच होते. चढावर बाईंनी गाडी उभी केली, क्षणभर थांबवली आणि क्लच केसभर सोडत वर नेली. परीक्षकांनी सही केली आणि उतरून मास्तरांच्या जवळ येऊन म्हणाले, छान तयार केलंत की हो यांना, मागच्या वेळी मला आशा नव्हती. मास्तर म्हणाले, "मागच्या वेळी त्यांचा दोष नव्हता, साहेब. माझी गाडी खराब होती." परीक्षक तोवर पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारत होते. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

बाईंनी काच खाली केली. त्या इथूनच परस्पर बहिणीकडे निघाल्या होत्या. यजमान पुढे येऊन बसले होते, मांडीवर एक पिशवी.

"वाटेत सोडू का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

मास्तरांचं घर त्यांच्या वाटेवरच होतं. पण ते म्हणाले, नको, मला दुसरीकडे काम आहे. बाईंनी आग्रह केला नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली, उजवीकडे दिवा दाखवून थांबली, रस्ता मोकळा झाल्यावर गेली. मास्तर बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. घराकडची बस यायला चाळीस मिनिटं होती.